बक्षी, बहादूर, बेंदाहारा

मंगोलियाच्या राजधानीचे नाव उलानबातर. 'उलान' म्हणजे तांबडा, 'बातर' म्हणजे वीर. उर्गा या जुन्या नगराला हे नाव १९२४ साली मिळाले. त्यातला 'बातर' आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. जुन्या मंगोल भाषेत तो 'बघातुर' होता. चंगीझखानाचा बाप येसुगेई याच्या नावामागे हीच पदवी लागत असे. मंगोल आणि तुर्क टोळ्यांबरोबर ती इराणात गेली, फारसीत 'बहादूर' झाली, हिंदुस्थानात आली आणि पेशव्यांच्या घरात पोहोचली. बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा समशेरबहादूर १७६१ मध्ये पानिपतावर लढला आणि तिथल्या जखमांनी गेला. पुढे इंग्रजांनी 'रावबहादूर' ही पदवी वाटायला घेतली. नेपाळात तर बहादूर हे घरोघरचे नाव झाले.

इथे उच्चार सारखा आहे, अर्थ सारखा आहे आणि शब्द कुठून कसा आला याचा मागही सापडतो. पण आशियाच्या नकाशावर सारखी वाटणारी सगळीच नावे इतकी सरळ नसतात. काही नावे प्रवासाने सारखी झालेली असतात. काही एकाच पूर्वजाची लेकरे असतात. काहींचा उच्चार निराळा असूनही ती मुळात एकच असतात, आणि काहींचे साम्य निव्वळ योगायोगाचे असते. हे चार प्रकार एकमेकांपासून वेगळे कसे करायचे, ते उदाहरणे घेऊन क्रमाने पाहू.

खुष्कीच्या वाटेने: बक्षी

पदव्या फार प्रवास करतात, कारण त्या फौजेबरोबर आणि दफ्तराबरोबर हिंडतात. राज्य बदलले तरी नवा राजा जुन्या कारभाराची नावे बहुधा तशीच ठेवतो. नावे टिकतात, कामे मात्र बदलत जातात. याचा उत्तम नमुना म्हणजे 'बक्षी'.

बहुतेक अभ्यासक या शब्दाचे मूळ चीनमध्ये दाखवतात. हान घराण्याच्या काळात दरबारातल्या विद्वान पंडिताला जी पदवी होती, तिचा आजचा चिनी उच्चार 'बोश्री'च्या जवळ जातो. जुन्या चिनीत मात्र तिच्या पहिल्या अक्षराच्या शेवटी 'क' होता. उत्तर चीनच्या बोलीतून तो झिजून गेला, पण शेजाऱ्यांनी जपून ठेवला: कोरियन लोक आजही डॉक्टरेट मिळवलेल्याला 'बाक्सा' म्हणतात आणि जपानी लोक 'हाकुशी' किंवा 'हाकासे'. हा 'क' ध्यानात ठेवला की पुढची साखळी जुळते.

मध्य आशियातल्या उइगुर बौद्धांनी हा शब्द घेतला आणि धर्म शिकवणाऱ्या गुरूला ते 'बक्षी' म्हणू लागले. त्यांच्याकडून तो मंगोलांकडे गेला. मंगोलियात आजही शाळेतल्या शिक्षकाला 'बग्श' म्हणतात. तेराव्या शतकात मंगोलांनी इराण जिंकले तेव्हा त्यांच्याबरोबर बौद्ध भिक्षूही आले, आणि फारसी ग्रंथांत त्यांना 'बख्शी' म्हटले गेले. १२९५ मध्ये इराणचा मंगोल राजा गाझान मुसलमान झाला आणि तिथले बौद्ध मठ मोडले गेले. भिक्षू गेले, पण उइगुर लिपीत लिहिणारे कारकून दरबारात राहिले आणि 'बख्शी' हे नाव त्यांना चिकटले. शब्दाच्या अर्थात गुरूचा लेखनिक झाला तो असा.

मोगलांनी हे नाव आणखी पुढे नेले. त्यांच्या राज्यात 'मीर बख्शी' म्हणजे लष्करी खात्याचा प्रमुख. मनसबदारांच्या नोंदी आणि त्यांच्या पगाराचे हिशेब त्याच्याकडे असत. मराठ्यांनी हे पद उचलले. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा केरकर इतिहासात 'जिवबादादा बक्षी' म्हणूनच ओळखले जातात. काश्मीर, पंजाब आणि बंगालमध्ये बक्षी हे आडनाव झाले. इकडे तुर्कमेनिस्तानात दुतार वाजवून कथागीते गाणारा तो 'बग्शी', आणि कझाक लोकांत झाडफूक करणारा भगत तो 'बक्सी'. पंडित, गुरू, भिक्षू, कारकून, सेनानी, गायक आणि भगत, इतक्या माणसांना या एका शब्दाने नाव दिले.

याच ठिकाणी मराठी माणसाची एक फसगत होते. बक्षी पगार वाटतो, तेव्हा त्याचे नाव 'बक्षीस'वरूनच आले असणार, असे वाटते. पण 'बक्षीस' हा फारसीतला वेगळा शब्द आहे. 'बख्शीदन' म्हणजे देणे, क्षमा करणे, त्यापासून तो आला. बक्षी आणि बक्षीस शेजारी राहतात, पण त्यांचे कूळ एक नाही.

दर्याच्या वाटेने: लक्ष्मण झाला आरमारप्रमुख

आता दक्षिणपूर्व आशियाकडे वळू. इथे संस्कृत नावे फौजेबरोबर आली नाहीत. ती व्यापारी, पुरोहित आणि बौद्ध भिक्षू यांच्याबरोबर जहाजातून आली. तिथल्या राजांनी आपल्या दरबाराची शोभा वाढवण्यासाठी ती घेतली आणि आपल्या गरजेप्रमाणे वापरली.

पंधराव्या शतकातल्या मलाक्काच्या सुलतानांचे दरबार पाहा. राजा मुसलमान, पण मुख्य प्रधानाची पदवी 'बेंदाहारा', म्हणजे संस्कृतातले 'भांडागार'. भांडारकर या मराठी आडनावात आहे तेच हे भांडार. आज इंडोनेशियात कुठल्याही मंडळाच्या खजिनदाराला 'बेंदाहारा' म्हणतात. म्हणजे मधली काही शतके प्रधानकी करून हा शब्द पुन्हा तिजोरीपाशी आला. आरमारप्रमुखाची पदवी होती 'लाक्सामाना'. रामायणातला लक्ष्मण हा राजाच्या पाठीशी उभा राहणारा निष्ठावंत वीर, म्हणून सुलतानाच्या विश्वासू सेनापतीला त्याचे नाव मिळाले. मलेशिया आणि इंडोनेशियाच्या नौदलांत ॲडमिरलला आजही लाक्सामानाच म्हणतात. मलेशियाचा पंतप्रधान हा 'पर्दाना मंतेरी', म्हणजे आपला प्रधान मंत्री. तिथल्या मूळ रहिवाशांना 'बुमिपुत्रा' म्हणतात. भूमिपुत्रांच्या हक्कांवरून महाराष्ट्रात जशी चर्चा होते तशीच तिकडेही होते, आणि शब्दही तोच असतो.

या 'मंतेरी'ची एक उपकथा आहे. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आल्बुकर्कने पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, मलाक्का जिंकले. तिथे पोर्तुगीजांनी 'मंतेरी' ऐकला, त्याचा 'मांदारिम' केला आणि चिनी सरकारी अधिकाऱ्यांना ते तसे म्हणू लागले. त्या अधिकाऱ्यांची दरबारी भाषा ती 'मँडरिन'. चिनी भाषेला जगभर जे नाव पडले त्याचे मूळ असे संस्कृत 'मंत्री'त निघते. स्वतः चिनी माणूस मात्र आपल्या भाषेला हे नाव देत नाही.

ब्रुनेईची राजधानी 'बंदर सेरी बेगावान' ही तर मराठी कानाला भाषांतराशिवाय कळावी. बंदर फारसीतले, श्री आणि भगवान संस्कृतातले. सुलतान ओमर अली सैफुद्दीन तिसरे यांनी १९६७ मध्ये गादी सोडल्यावर 'सेरी बेगावान' ही पदवी घेतली आणि १९७० मध्ये शहराला ती देण्यात आली. मलायी भाषेत 'बेगावान' म्हणजे राज्यत्याग करून ऋषीसारखा राहणारा राजा. देव हा अर्थ त्यात उरलेला नाही.

फरकात नियम हवा

प्रवासात शब्दाचा उच्चार बदलतो. तो कसाही बदलला असता तर आपल्या हाती काहीच लागले नसते. सुदैवाने प्रत्येक भाषा परका शब्द आपल्या ठरलेल्या वळणाने बदलते, आणि ते वळण एकदा समजले की अनोळखी नावेही उलगडू लागतात.

थायलंडचे दिवंगत राजे भूमिबोल अदुल्यादेज. त्यांचे नाव थाई लिपीत संस्कृत वळणाने लिहितात: भूमिबल अतुल्यतेज. वाचताना मात्र 'फूमिफोन अदुन्यादेत' असा उच्चार होतो. थाई वळण असे: संस्कृतातला 'ब' तिथे 'फ' होतो, 'प' चा अनेकदा 'ब' होतो, 'ग' चा 'ख' आणि 'द' चा 'थ' होतो. शब्दाच्या शेवटी 'र' किंवा 'ल' आला तर त्याचा 'न' होतो. आता हे वळण वापरून पाहा. 'नगर' चे 'नखोन' झाले, म्हणून नखोन पथोम हे गाव म्हणजे नगर प्रथम. 'पुरी' ची 'बुरी' झाली, म्हणून कांचनाबुरी म्हणजे कांचनपुरी आणि राचबुरी म्हणजे राजपुरी. 'देव' चा 'थेप' झाला, म्हणून बँकॉकचे थाई नाव 'क्रुंग थेप', म्हणजे देवांचे नगर. चुलालोंगकोर्न म्हणजे चूडालंकरण.

जावाचे वळण निराळे. तिथे शब्दाच्या शेवटचा 'आ' किंवा 'अ' ओकारासारखा उच्चारतात. म्हणून कर्ण तो 'कर्नो', भीम तो 'बिमो' आणि विभीषण तो 'विबिसोनो'. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकर्णो हे असे सुकर्ण, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या त्यांच्या कन्या मेगावती सुकर्णोपुत्री या मेघवती सुकर्णपुत्री. दोघेही मुसलमान. जावात नावावरून धर्म ओळखायला गेले तर फसायला होते.

मंगोलियात संस्कृत नावे तिबेटी आणि उइगुर बौद्धांच्या मार्फत गेली. तिथे मंगळाला 'अंगारग' म्हणतात, बृहस्पतीला 'बार्हास्बाद' आणि शनीला 'सांचिर', म्हणजे शनैश्चर. अंगारकी चतुर्थी पाळणाऱ्या मराठी माणसाला यातला अंगारक चटकन ओळखू येईल. सतराव्या शतकातले मंगोल धर्मगुरू आणि शिल्पकार झानाबाझार यांचे नाव म्हणजे ज्ञानवज्र.

हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन नावांपेक्षा, एकाच नियमाने वेगळी झालेली दहा नावे जास्त भरवशाची असतात. एक साम्य योगायोगाने घडू शकते. दहा नावांत एकच फरक पुन्हा पुन्हा दिसला तर तिथे योगायोग चालत नाही.

वारशाने आलेले: जमशेद आणि यम

दुसरा प्रकार नात्याचा. इथे एकाने दुसऱ्याकडून शब्द घेतलेला नसतो. दोघांना तो एकाच पूर्वजाकडून मिळालेला असतो. जुनी इराणी भाषा आणि वैदिक संस्कृत या अशा बहिणी आहेत. त्यांच्यातला ठळक नियम म्हणजे संस्कृतातल्या 'स' च्या जागी इराणीत 'ह' येतो: सप्त तिकडे हफ्त, सिंधू तिकडे हिंदू. मराठीने तर दोन्ही रूपे सांभाळली. देवळात 'सप्ताह' बसतो आणि सावकाराला 'हप्ता' द्यावा लागतो.

हा नियम हाताशी धरून मुंबईतल्या पारशी नावांकडे पाहू. जमशेद म्हणजे अवेस्तातला 'यिम ख्शएत', तेजस्वी यिम. हा यिम वीवंघ्वंताचा मुलगा, आणि ऋग्वेदातला यम विवस्वताचा. दोघे एकाच जुन्या कथेतून आले. पुढे इराणात तो सुवर्णयुगाचा राजा ठरला आणि आपल्याकडे मृत्यूचा देव. होरमसजीतला होरमझ म्हणजे अहुर मज्द. त्यातला 'अहुर' तोच आपला 'असुर', जो ऋग्वेदाच्या जुन्या भागांत वरुणासारख्या देवांचे आदराचे विशेषण होता. बेहराम म्हणजे 'वेरेथ्रघ्न', आणि इंद्राचे 'वृत्रहन्' हे विशेषण त्याचे भावंड.

एक अक्षर, पाच आडनावे

पूर्व आशियात गंमत उलटी आहे. तिथे उच्चार कितीही बदलला तरी लिहिलेले अक्षर तेच राहते. चीनमधले एक मोठे आडनाव घ्या. उत्तरेकडच्या बोलीत ते 'छन', कँटोनी बोलीत 'चान', फुजियान प्रांताच्या किनाऱ्यावर 'तान', कोरियात 'जिन' आणि व्हिएतनाममध्ये 'त्रान'. सिंगापूरचा श्री. तान, हाँगकाँगचा श्री. चान आणि १२२५ ते १४०० या काळात व्हिएतनामवर राज्य करणारे त्रान घराणे, या सगळ्यांचे अक्षर एकच. सिंगापूरचे ली कुआन यू, दक्षिण कोरियाचे पहिले अध्यक्ष सिंगमन ऱ्ही आणि व्हिएतनामचे ली घराणे यांचेही तसेच. कोरियन भाषेत ते आडनाव 'ई' असेच उच्चारतात, लिहिताना कोणी ली करतो, कोणी यी, कोणी ऱ्ही.

याच्या उलट व्हिएतनाममध्ये 'ली' आणि 'ले' अशी दोन राजघराणी होऊन गेली. कानाला ती जवळची वाटतात, पण त्यांची अक्षरे वेगळी आणि कुळेही वेगळी. अक्षर एक म्हणून सगळे एका रक्ताचे, असेही समजू नये. राजाने आपले आडनाव मर्जीतल्या माणसांना बहाल करण्याची चाल तिथे होती. कधी नाव सरकारी दबावानेही बदलते. १९६० च्या दशकात इंडोनेशियातल्या चिनी वंशाच्या नागरिकांवर स्थानिक नावे घेण्यासाठी दबाव आला, तेव्हा अनेकांनी जुन्या आडनावाचा ध्वनी लपवून ठेवतील अशी नवी नावे निवडली. प्रसिद्ध उद्योगपती उई एक च्योंग हे एका चिप्ता विजाया झाले. त्यांच्या नावातला 'विजय' पाहून कोणी त्यांचे पूर्वज भारतात शोधू लागला तर वाट चुकेल.

सारखे, पण वेगळे

आता फसवी साम्ये. 'शहा' घ्या. इराणचा शाह म्हणजे राजा. प्राचीन फारसीतल्या 'ख्शायथिय' या शब्दाचे हे झिजलेले रूप. शहाजीराजांचे नाव अहमदनगरचे पीर शाह शरीफ यांच्यावरून ठेवले अशी परंपरा आहे, म्हणजे तिथे हा फारसी शाह आहे. पण गुजराती व्यापाऱ्यांचे 'शहा' हे आडनाव संस्कृत 'साधु' पासून आले. प्राकृतात 'ध' चा 'ह' होतो. दधीचे दही झाले तसा साधूचा साहू आणि पुढे साह झाला. फारसी राजाच्या शेजारामुळे 'स' चा 'श' झाला इतकेच. साधूचा व्यापाराशी काय संबंध, असे वाटत असेल तर सत्यनारायणाच्या कथेतला साधुवाणी आठवावा. सचोटीचा व्यापारी हा त्या शब्दाचा जुना अर्थ. सावकारातला 'साव' आणि ओडिशातले 'साहू' हेही त्याच घरातले.

'चान' चे असेच. हाँगकाँगमधला चान हे वर सांगितलेले चिनी आडनाव. कंबोडियातला 'चान' म्हणजे संस्कृतातला चंद्र. जपानमध्ये मुलांच्या नावापुढे लावतात ते 'चान' हे 'सान' या आदरार्थी प्रत्ययाचे लाडके रूप. तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आपल्याकडे 'खानोलकर' या आडनावात खान दिसतो, पण ते वेंगुर्ल्याजवळच्या खानोली गावावरून आले आहे. भाषांमध्ये ध्वनी मोजके आणि नावे असंख्य, त्यामुळे असे योगायोग होणारच. छोट्या शब्दांत ते जास्त होतात. एका अक्षराचे साम्य हा पुरावाच धरू नये.

अयोध्या: तीन दावे, एक कसोटी

हे सारे नियम एकत्र कसे वापरायचे ते अयोध्येच्या उदाहरणावरून पाहू. थायलंडमधली 'अयुथया' ही राजधानी १३५१ मध्ये वसली. तिच्या संस्थापकाने 'रामाथिबोदी', म्हणजे रामाधिपती, हे नाव घेतले. ध्वनी थाई नियमात बसतो, मार्ग माहीत आहे आणि हेतूही राजाच्या पदवीतच दिसतो. हा दावा पक्का. जावातल्या 'योग्यकर्ता' शहराच्या नावातही अयोध्याच आहे, तिथल्या दरबाराच्या औपचारिक नावात 'ङायोग्याकर्ता' असे रूप आहे. तिथे रामायणाची परंपरा आजही नाचून, गाऊन आणि बाहुल्यांच्या खेळांतून जिवंत आहे. हाही दावा टिकतो.

तिसरा दावा कोरियाचा. 'सामगुक युसा' या ग्रंथात अशी कथा आहे की इसवी सन ४८ मध्ये 'आयुता' देशाची राजकन्या जहाजाने आली आणि तिने गया राज्याच्या सुरो राजाशी लग्न केले. हीच राणी हो ह्वांग-ओक. गिम्हे इथले किम आणि हो या कुळांचे लोक स्वतःला तिचे वंशज मानतात. आयुता म्हणजे अयोध्या असे मानून २००१ मध्ये अयोध्येत तिचे स्मारकही उभे राहिले. आता कसोटी लावू. इर्यॉन या भिक्षूने हा ग्रंथ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिला, म्हणजे घटनेनंतर सुमारे बाराशे वर्षांनी. कथेतल्या काळात आजच्या अयोध्येला प्रामुख्याने साकेत म्हणत असत. थायलंडची अयुथया तर ग्रंथ लिहून झाल्यावर वसली, त्यामुळे तीही बाद. शिवाय ग्रंथकार बौद्ध होता आणि राजकुळाचा संबंध बुद्धाच्या देशाशी जोडण्यात त्याला गौरव वाटणे स्वाभाविक होते. दोन देशांच्या आजच्या मैत्रीसाठी ही कथा गोड आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून ती तोकडी पडते.

चार प्रश्न

अमुक परदेशी नाव मुळात आपलेच, असे सांगणारे संदेश आपल्याला रोज येतात. ते पुढे पाठवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. या नावाचे सर्वांत जुने रूप कोणते? ते पहिल्यांदा कधी लिहिले गेले? तिथून इथवर कोण घेऊन आले? आणि उच्चारात झालेला बदल त्याच भाषेतल्या इतर नावांतही दिसतो का? चारही उत्तरे मिळाली तर नाते पक्के समजावे. नुसताच उच्चार जुळत असेल तर थांबावे. बहादूर, लाक्सामाना आणि साधुवाण्याचा शहा यांच्या खऱ्या हकिगती कोणत्याही दंतकथेपेक्षा रंगतदार आहेत, त्यामुळे थांबल्याने फारसे काही बिघडत नाही. सुरुवात घरातूनच करता येईल. दाते आणि कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त शब्दाचे मूळ कंसात दिलेले असते. आपले आडनाव किंवा पूर्वजांचे पद त्यात काढून पाहावे.